पुसात नासलेलं दूध

"आजबी नासलं," म्हणत इसरूने रिकाम्या चरव्या ओसरीवर ठेवल्या.

अन्नपूर्णा चुलीपुढून उठली. "दोन्ही?"

"लहानी. मोठीतलं चांगलं होतं."

"पुसाच्या थंडीत दूध नासते काजी? उन्हाळ्यात कधी नासलं नाई आपलं."

"मले काय विचारतं? दुधाले विचार. कमरुद्दीनच्या हॉटेलात देऊन आलो." आणि तो पाय धुवायला गेला.

इसरू रोज सकाळी डोंग्याने वर्धा नदी ओलांडी आणि बल्लारपूरला कागद कारखान्याच्या चाळीत दूध घाली. चाळीतल्या प्रत्येक दारी तो थांबे, एक दार सोडून. त्या दारामागे त्याची एकुलती एक पोर राहत होती, मंगली.

दोन वर्षांपूर्वी मंगलीने कारखान्यातल्या मुखरूशी लग्न लावलं. मुखरू परजातीचा. इसरूने पंचांपुढे गाईचं शेपूट धरून शपथ घेतली, "माझ्या गाईच्या दुधाचा थेंब तिच्या घरात जाणार नाई." इसरूचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वाकडा माणूस, पण शब्दाला सरळ.

मंगलीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तिच्या आईला, अन्नपूर्णेला, ते महिनाभराने कळलं. आता पुन्हा दिवस गेले होते. बांगड्या भरायला आलेली रुखमाबाई सांगून गेली, "पोरीच्या हातात बांगडी राह्यत नाई, बाई. डॉक्टर म्हणते, अंगात ताकदच नाई, दूध-अंडे खा. अंड्याच्या वासाने ओकारी येते तिले. अन् रोज इकतचं दूध कुठून घेईल ती?"

घरात दोन चरव्या दूध आणि पोटची पोर निव्वळ भाताच्या पेजेवर, या विचाराने अन्नपूर्णा स्वतःच्या भातावर दूध घेईनाशी झाली. एकदा जेवताना तिने विषय काढला. "हेबी लेकरू गेलं तं पोर वाचणार नाई आपली."

"शपथ हाय माझी," इसरू म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला.

त्यानंतर चारच दिवसांनी दूध नासायला लागलं.

गावाला आयता विषय मिळाला. "इसरूभाऊची गाय आता सिध्धं दहीच देते म्हणते!" इसरू हसून सोडून देई. अन्नपूर्णेला हसू येत नव्हतं. इसरूच्या घराण्यात दूध नासणं म्हणजे गाईची नाराजी. आणि कोणी जाणूनबुजून नासवलं, तर गाय आटते, गोठा बसतो. तिच्या सासूने जन्मभर दुधाच्या भांड्याजवळ चिंचसुद्धा येऊ दिली नव्हती.

गाय कशाने नाराज झाली, हे अन्नपूर्णेला सांगायला देवऋषी नको होता. पण शपथेपुढे तिचं काही चालेना. तेव्हा तिने आपल्या हातचा उपाय केला. रोज पहाटे लिंबू घेऊन लहान चरवीवरून सात वेळा उतरवायचं आणि इसरूच्या हाती द्यायचं.

"चौरस्त्यावर फेकजा. मागं पाहू नका."

"फेकतो," इसरू म्हणे आणि लिंबू कमरेच्या गाठीत खोवी.

परसातल्या लिंबाच्या खालच्या फांद्या तिने हात लावण्याआधीच रिकाम्या झाल्या होत्या. "वानरंबी आंबट खायले लागले आता," ती पुटपुटली आणि वरचं लिंबू काठीने पाडलं.

उपाय लागू पडला नाही. दूध नासतच राहिलं.

शेवटी एके दिवशी तिने इसरूला डोंग्यात बसू दिलं, लोटीभर दूध पदराखाली घेतलं आणि मागच्या डोंग्याने नदी ओलांडली. नवऱ्याची शपथ मोडायला निघालेली बाई वाटेत कुठे थांबली नाही.

दार मंगलीनेच उघडलं. मायलेकी किती वेळ एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग अन्नपूर्णेने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि चकित झाली. गाल भरले होते. बांगड्या हातात घट्ट बसल्या होत्या.

तिने लोटी पुढे केली. मंगली मागे सरली.

"नको, माय. बाची शपथ हाय. त्याच्या गाईले काई झालं तं?"

"अन् तुले काई झालं तं?"

"मले काई होत नाई." मंगलीने वाटी आणली. वाटीत पांढराशुभ्र, मऊ गोळा होता. "छेना म्हणते याले. हॉटेलवाल्या कमरुद्दीनची खैरुनभाभी रोज देते. दुधापरीस लय स्वस्त, अन् अंड्याएवढी ताकद. डॉक्टरबी खूश हाय."

"कशाचा करते?"

"नासलेल्या दुधाचा. हॉटेलात येते ना रोज. तेच गाळून, पिळून."

अन्नपूर्णेने चिमूटभर तोंडात टाकला आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले. आपलंच दूध! गाय नाराज नव्हती. माणसाची शपथ न मोडता पोरीच्या तोंडी घास घालायला देवानेच ते रोज नासवलं होतं. देवाला तिथूनच हात जोडून ती खैरुनचे पाय धरायला हॉटेलाकडे निघाली.

हॉटेलाच्या मागच्या बाजूला चूल पेटली होती. इसरूची पाठ दिसताच ती कुडाआड थबकली.

चुलीवर लहान चरवीतलं दूध उकळत होतं. चांगलं होतं, साय धरत होतं. इसरूने नदीपलीकडे, गोठ्याच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि दोन्ही कानांना हात लावले. मग कमरेची गाठ सोडली आणि तिने पहाटे उतरवून दिलेलं लिंबू कापून दुधात पिळलं.