टाकीवरचा आकडा

हॅगनबाईंनी होकार दिला, पण एक अट घातली.

"आकडा लाइलनेच रंगवायचा. एकट्याने."

बारावीची मुलं त्यांच्या व्हरांड्यात टोप्या हातात घेऊन उभी होती. वेस्कॉटमध्ये दर उन्हाळ्याच्या तोंडाला बारावीचा वर्ग पाण्याच्या टाकीवर आपलं साल रंगवायचा आणि पुढच्या वर्षीचा वर्ग त्यावर रंग फासून स्वतःचं लिहायचा. अकरावीने त्यात खोडा घालायचा, रंगाचे डबे पळवायचे, शिडी अडवायची, हेही ठरलेलंच. यंदा मात्र गेल्या वर्षीच्या ५३ला हात लावायची कोणाची छाती होत नव्हती. ते रंगवून उतरताना बाईंचा एकुलता एक मुलगा डेलबर्ट शिडीवरून पडला होता. दूधवाल्याला तो सकाळी सापडला.

वर्गाची सेक्रेटरी नॉर्मा हिने लाइलला कोपराने ढोसलं. "ऐकलंस ना? लाडका आहेस बाबा बाईंचा."

"मला उंचीची भीती वाटते," लाइल म्हणाला.

"अस्सं? फुटबॉल खेळताना बैलासारखा अंगावर येतोस, तेव्हा कुठे जाते रे भीती?"

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. लाइल हात पँटला पुसत राहिला. ती त्याची अलीकडची खोड होती.

बाईंचा जीव त्याच्यावर होता, हे गावाला ठाऊक होतं. लाइल डेलबर्टच्या एक वर्ष मागे. दफनाच्या दिवशी इतका रडला की पाद्रीबाबांना प्रार्थना थांबवावी लागली. तेव्हापासून दर शनिवारी तो बाईंकडे न चुकता गवत कापायला यायचा. पैसे घ्यायचा नाही. मग बाई त्याला डोनट तळून द्यायच्या, डुकराच्या ताज्या चरबीत. तो अर्धा खायचा, उरलेला खिशात घालायचा आणि रस्त्यात कुत्र्याला टाकायचा.

त्या घरात बसणं त्याला नको व्हायचं. खिडकीतून टाकी दिसायची. तशी ती वर्गातून दिसायची, चर्चच्या पायऱ्यांवरून दिसायची, मक्याच्या शेतातूनही दिसायची. वर्षभर लाइल मान खाली घालून चालत होता.

शनिवारी रंगाचे डबे घ्यायला तो बाईंकडे गेला. स्वयंपाकघरात तळणाचा वास नव्हता.

"आज डोनट नाहीत," बाई म्हणाल्या. "चरबी दुसऱ्या कामाला ठेवलीये."

"असू दे, बाई."

"तो पाचाचा आकडा बघ." त्या खिडकीशी उभ्या होत्या. "कसा मागे रेललाय, खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. मी रोज बघते. सवय झाली आता."

लाइलने मान वर केली नाही. "नको वाटत असेल तर तसाच राहू देतो. मुलांना मी समजावतो."

"नाही रे. वर्ष झालं. रंगव तू."

गाव बेसबॉलच्या सामन्याला गेलं होतं. पाच वाजता सगळे बँड वाजवत टाकीखाली यायचे होते. तोवर तिथे फक्त लाइल आणि बाई. त्याने शिडीला हात लावला आणि लगेच काढला. मग पुन्हा लावला.

"चढ," बाई म्हणाल्या. "मी आहे खाली. घाबरतोस काय? तुझ्या वयाची असताना मी बापाच्या सायलोवर, त्या उंच कोठारावर चढून दाणे उपसायचे."

वर टाकीभोवतीच्या फळीवर पोचल्यावर त्याने आधी कठडा घट्ट धरला. ५३ एवढ्या जवळून तो वर्षाने बघत होता. त्याने डोळे मिटून त्यावर पांढरा फासला. मग पांढरा सुकायची वाट बघत पाठ टेकून बसला आणि खूप रडला. उठला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. आता घरातून, वर्गातून, शेतातून ते दिसणार नव्हतं. त्याने काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि झरझर ५४ काढलं.

"झालं, बाई!" तो ओरडला. वर्षभरात पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा निघाला.

उत्तर जवळून आलं. त्याने वाकून पाहिलं. बाई शिडीच्या मध्यावर होत्या. कोपराला डबा लटकत होता. एवढं करून डोनट आणले की काय, असं वाटून त्याला गलबलून आलं.

"अहो, पडाल! मी येतो खाली."

"थांब, बघू दे." त्या मान वर करून आकड्याकडे पाहत होत्या. "तोच पाच, लाइल. तस्साच रेललेला."

लाइल हात पँटला पुसू लागला.

"त्याला शवपेटीत ठेवण्याआधी हात मीच धुतले. म्हटलं, रंग निघेल ना? रंगाचा ठिपका नव्हता. साबण लावून लावून चरबी मात्र निघता निघेना."

"बाई, फक्त घसरावा म्हणून लावली... दोन पायऱ्या चढून परत जाईल असं वाटलं. गंमत म्हणून..."

"आणि नंतर शिडी पुसलीस. वर जाऊन आकडाही काढलास, तो उतरताना पडला असं वाटावं म्हणून."

बाई खाली उतरू लागल्या. घाई अजिबात नव्हती. एक पायरी सोडली की डब्यात फडकं बुडवायच्या आणि ती पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत माखायच्या, मग पुढची. उन्हात त्यांच्या डोक्यावरची एकेक पायरी चकाकू लागली. जमिनीवर पोचल्यावर त्यांनी डबा खाली ठेवला, एप्रनला हात पुसले आणि सावलीत बसल्या.

"पाच वाजता सगळं गाव येईल," त्या वर पाहून म्हणाल्या. "तिथूनच मोठ्याने सांग. नाहीतर ये खाली."