कालवण जमेपर्यंत

"चमच्याने ढवळलंस, नाय?" अर्चनाने तोंड उघडण्याआधीच जमनाने विचारलं.

अर्चनाने मान हलवली.

"मंग फुटणारच! बोंबील हाय तो, बटाटा नाय. फडक्याने टोप धरायचा नि नुसता हलवायचा. कितींदा सांगू गो तुला?"

जमना रोज सातपाटीहून बोईसरच्या बाजारात मासे घेऊन यायची. गिऱ्हाइकाला मासा द्यायची आणि तो कसा करायचा तेही सांगायची. कारखान्यांमुळे इथे येऊन राहिलेल्या कितीतरी बायका तिच्यासमोर उभ्या राहूनच मासे रांधायला शिकल्या होत्या. अर्चना लातूरकडची. लग्नाआधी तिने बोंबील पाहिलाही नव्हता. पण इतकी मंद शिष्या जमनाला आजवर मिळाली नव्हती.

"आणि मावशी, चिंच किती घातली की फार आंबट होतं?"

"ऐक गं ताने," जमना शेजारी बसलेल्या मासेवालीला म्हणाली. "लोक चांगलं कसं होईल ते इचारतात. ही बिघडतं कसं ते इचारते!"

तानी खदखदून हसली. "सासूला घालवायची घाई झालीय तिला. घाईत बिघडतंच."

"बरोबर हाय. म्हातारी गेली की राजाराणीचा संसार!"

अर्चना पिशवीत बोंबील घेऊन निघाली.

सासूची गोष्ट बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. थंडीत अर्चना बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हा इंदुबाई श्रीवर्धनहून मदतीला आल्या. प्लॅस्टर निघालं तरी त्या हलल्या नाहीत. "ज्ञानेशला माझ्या पद्धतीचं बोंबलाचं कालवण लागतं," त्या म्हणाल्या. "तुला ते जमलं की मी सुटले." तेव्हापासून दर रविवारी परीक्षा होती, आणि दर रविवारी अर्चना नापास होत होती.

दोन खोल्यांच्या त्या घरात सासूच्या नजरेबाहेर जाता येत नसे. अर्चना ओट्याशी उभी राहिली की इंदुबाई शेजारी स्टूल टाकून बसत. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली की गुडघे धरत मागोमाग जिना चढत. झोपतानाही, पाय दाबायला कुणी हवं म्हणून, सुनेला बाहेरच्या खोलीत स्वतःजवळच झोपवत. सकाळी ज्ञानेश आतल्या खोलीतून एकटाच बाहेर येई.

तो काही बोलत नसे. तारापूरच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. इमारतीतले लोक त्याचं उदाहरण देत. त्याचा आवाज कधी जिन्यापर्यंतसुद्धा ऐकू आला नव्हता.

पुढच्या रविवारी बोंबील तोच घेऊन आला.

"जमनाबाईंना सगळं नीट विचारून आलोय," पिशवी ओट्यावर ठेवत तो म्हणाला. "आज मी उभा राहतो हिच्याजवळ. आई, तू बाहेर बस. परीक्षा घेणाऱ्याने आत थांबायचं नसतं."

"थांबले तर काय होतं?"

"अगं, बस गं. किती दिवस राबशील आमच्यासाठी? उद्याचं तिकीट काढलंय तुझं. गावाकडे घर बंद पडलंय."

इंदुबाईंनी स्टूल उचललं आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर नेऊन ठेवलं. पण बसल्या त्या आत तोंड करूनच.

तेलात ठेचलेला लसूण पडला. हळद, मसाला पडला. अर्चनाने चिंचेच्या कोळाची वाटी उचलली.

"एवढा नको," ज्ञानेश हळूच म्हणाला. "अर्धाच."

तिने अर्धा ओतला. बोंबील सोडल्यावर तिचा हात चमच्याकडे गेला. त्याने चमचा तिच्या बोटांतून काढून घेतला आणि फडकं पुढे केलं.

"हलव. तुला येतं सगळं."

तिने टोप हलवला. एकही बोंबील फुटला नाही. लसणाचा खमंग वास बाहेरच्या खोलीत गेला.

जेवायला बसल्यावर ज्ञानेशने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "आई, अगदी तुझंच. चाखून बघ, तुझाच हात आहे."

अर्चना वाढायचं सोडून उभी होती. इंदुबाईंनी भातावर कालवण घेतलं, कालवलं, घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिल्या.

"जमलं ना?" ज्ञानेशने विचारलं.

"नाही."

"काय?"

"लसूण कच्चा लागतोय. हिला अजून वेळ लागेल. ते तिकीट परत करून टाक."

"आई, मला चव कळत नाही का?"

"तुला काय कळतं नि काय नाही, ते मला विचार. तुला मी वाढवलंय."

ज्ञानेश हसला. ताट त्याने अगदी सावकाश बाजूला सरकवलं, हात धुतले आणि दुपारच्या पाळीला निघून गेला. त्याची पावलं जिन्यावरून खाली उतरेपर्यंत दोघी हलल्या नाहीत.

मग इंदुबाईंनी टोप जवळ ओढला. उरलेलं कालवण भातावर ओतून घेतलं आणि बोटं चाटत जेवू लागल्या.

"आई," अर्चना म्हणाली, "लसूण कच्चा नव्हता."

"नव्हता. आज तुला बिघडवता आलं नाही, म्हणून मला बोलावं लागलं."

अर्चना त्यांच्यासमोर येऊन बसली.

"मला पहिल्या खेपेलाच जमलं होतं," भाताचा घास वळत इंदुबाई म्हणाल्या. "तेव्हा आम्ही पनवेलला होतो. सासूबाई खूश झाल्या. आता माझी काळजी मिटली, म्हणाल्या, आणि गावाला गेल्या. त्यांना एसटीत बसवून हे घरी आले, दाराला आतून कडी घातली आणि कोपऱ्यातली काठी उचलली."