आठव्या दिवशी आपोआप

"नोंदी वाचल्याशिवाय फायरवॉलला काही अडवू द्यायचं नाही, असं ठरलं होतं ना गं?" तांबोळी सर हळू आवाजात ऋजुताला म्हणाले.

सर्पदंशावरची इंजेक्शनं मागवायच्या वेबसाइटची राखण ऋजुताकडे होती. वेबसाइटवरच्या हल्ल्याची नवी खूण आली, की फायरवॉलने, म्हणजे राखणीच्या प्रोग्रॅमने, सात दिवस नुसतं पाहायचं. रोजच्या नोंदी वाचून ऋजुताला पटलं, तरच अडवायचं. वाचायचा कंटाळा येऊन तिने आठव्या दिवशी अडवणं आपोआप सुरू होईल असं करून टाकलं होतं.

या वेळची खूण अशी: एकच मागणी मिनिटात पाचपेक्षा जास्त वेळा. पडद्यावरच्या नोंदीत होतं:

१०:४१ अडवले.
१०:४१ अडवले.
१०:४१ अडवले.

एका आरोग्य केंद्रातून कुणीतरी पुन्हा पुन्हा बटण दाबलं होतं, घाबरलेला माणूस दाबतो तसं. पुढे नोंदच नव्हती.

तिने खूण काढून टाकली आणि केंद्राला फोन लावला.

"'संशयास्पद' असं आलं, ताई. मी भिऊन बंदच केलं," सिस्टर म्हणाली. "शेवटी शेजारच्या गावातून मोटारसायकलवर आणली इंजेक्शनं. साप चावलेली पोरगी शुद्धीवर आहे."

"सुटलो एकदाचे," सर खुर्चीत टेकले.

ऋजुता बसली नाही. त्या खुणेवरून अडवणं तीन दिवसांपासून चालू होतं. तिने नोंदी मागे सरकवल्या. आणखी अकरा केंद्रं होती, आणि प्रत्येकाची मागणी अशीच मध्येच थांबली होती.

तिने पहिल्या केंद्राचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली.