पाण्याची आन

"बेडूक कवाचाच गेला, मालक. रिकामा गळ टाकून कायले बसून राहिले?"

छोटेलालनं दचकून दोरी ओढली. गळ खरंच रिकामा होता. मरळ आमिष पळवून गेली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. मागे बसलेल्या कवडूनं मडक्यातला दुसरा बेडूक काढला, मुकाट्यानं गळाला लावला आणि पुन्हा वल्हं हाती घेतलं.

सकाळपासून नवेगावच्या बांधात, त्या अफाट तलावात, त्यांचा डोंगा असाच फिरत होता. छोटेलालसारख्या कुडव्याच्या मालगुजारानं दिवसभरासाठी डोंगा ठरवला, आगगाडीनं सौंदडला उतरून बैलांच्या दमणीतून इथवर आला, म्हणजे मासेमारीची केवढी हौस असेल, असं कुणालाही वाटावं. पण त्याला काठी धड धरताही येत नव्हती. हौस होती थोरल्या भावाची, नंदलालची. चरखीची ती विलायती काठीसुद्धा नंदलालनंच गोंदियाच्या एका गोऱ्या रेल्वेसाहेबाकडून आणली होती.

गेल्या हिवाळ्यात नंदलाल याच डोंग्यातून मरळीच्या मागे गेला. डोंगा कलंडला. कवडू पोहून काठाला आला, नंदलाल आला नाही. मढंही मिळालं नाही. वाट पाहून पाहून घरच्यांनी शेवटी गवताचा पुतळा जाळला, आणि घराचा, गावाचा सगळा कारभार छोटेलालच्या अंगावर पडला. तेव्हापासून त्याची झोपच उडाली होती. धाकट्यानं थोरल्यासाठी किती झुरावं, असं म्हणून गावातल्या बायका डोळे पुसत.

त्याला एकच गोष्ट हवी होती. दादाचं नेमकं काय झालं, ते कळायला हवं होतं. आणि हा कवडू काहीतरी लपवतो आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"त्या दिवशी काय झालं ते पुन्हा सांग," तो म्हणाला.

"सांगतलं ना तवाच. पयले तुमालेच तं येऊन सांगतलं."

"पुन्हा सांग."

"वारा सुटला. मोठे मालक उभे झाले. डोंगा कलंडला." कवडूनं पाण्याकडे बघत सांगितलं. वर्षभरात त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. खरं सांगणारा माणूस कधी वारा विसरतो, कधी त्यात पाऊस घालतो. याचं मात्र पाढ्यासारखं पाठ.

"मढं वर येतंच, कवडू. ढोर बुडालं तरी येतं."

"खाली कमळाच्या मुळ्या आहेत. धरून ठेवतेत."

"सौंदडच्या ठेसनावर एकानं दादाला पाहिलं म्हणतात."

वल्हं क्षणभर थांबलं. मग पुन्हा पाण्यात गेलं. "लोकायचं काय, मालक. लोकं काईबी पायतेत."

छोटेलालनं ते थांबणं बरोबर टिपलं. समोरच्या काठाला दाट झाडी होती आणि झाडीतून बारीक धूर निघत होता. सकाळपासून कवडूनं डोंगा सगळीकडे फिरवला, पण त्या बाजूला एकदाही वळवला नव्हता.

"तिकडं ने."

"तिकडं मासा नाई."

"मासे गेले उडत! तिथं कोण राहतं?"

"चार झोपड्या आहेत आमच्या सोयऱ्यायच्या." कवडूनं डोंगा उलट दिशेला वळवला आणि मग, जणू सहज, विचारलं, "सुमित्राबाई कशा आहेत?"

छोटेलाल चमकला. याला वहिनीची चौकशी कशाला?

"वहिनी कुंकू पुसत नाही," तो सावकाश म्हणाला. "बांगड्या फोडू देत नाही. डोकं फिरलं म्हणतात सगळे. मला नाही तसं वाटत."

कवडूच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि छोटेलालचा उरलासुरला धीर सुटला. वर्षभराची जागरणं एकदम डोळ्यांत उतरली.

"कवडू, मी तुझ्यावर भरवसा टाकला होता रे! दादाला तुझ्या हवाली केलं होतं. आता सच सच बोल. माझा भाऊ मेला की जिवंत आहे?"

"सांगतलं ना, मालक."

"असं नाही. पाणी हातात घे आणि सांग."

कवडूचा चेहरा उतरला. देवाची शपथ, पोराची शपथ, सगळं एकीकडे. पण ज्या पाण्यानं पोट भरलं ते ओंजळीत घेऊन आजवर त्याच्या घराण्यात कुणी खोटं बोललं नव्हतं. बांधाकाठी हे सगळ्यांना ठाऊक होतं. छोटेलालला तर चांगलंच ठाऊक होतं.

"पान्याची आन नोका घालू, मालक. हात जोडतो."

"का? खोटं पडशील म्हणून?"

"काऊन मांग लागले? घरी जा. सुखानं राहा."

"सुख कुठलं! दार वाजलं की छातीत धडधडतं माझ्या. वाटतं, दादाच आला." छोटेलालचा आवाज फाटला. "घे पाणी!"

कवडूनं वल्हं आडवं ठेवलं. डोंगा बांधाच्या मधोमध थांबला. वाकून त्यानं ओंजळ भरली. बोटांमधून त्यानं थेंबभरही सांडू दिलं नाही. दिवसभरात पहिल्यांदाच त्यानं छोटेलालच्या डोळ्यांत पाहिलं.

"पानी हातात आहे, मालक. खोटं नाई बोलनार. मोठ्या मालकाले बुडवाले तुमी सांगतलं होतं. मी नाई बुडवलं."