बाभळीपर्यंत

एस्टी धुरळा उडवत मिरजगावकडं निघून गेली आणि भर बाराच्या उन्हात फाट्यावर दोघीच उरल्या. एक पाणपोईवर बसणारी राहीबाई, दुसऱ्या काठी टेकत उतरलेल्या सरदारांच्या बाईसाहेब. सीना नदीच्या काठचा त्यांचा पेशवाईतला बंगला आणि ती नावाजलेली बाग इथून कोसभर. बाईसाहेबांना तर धड दहा पावलं चालवेना.

"मोटार न्हाई आली व्हय न्यायाला?" राहीबाईनं विचारलं.

"नाही आली. कसं जायचं गं आता?"

म्हातारीनं आपल्याला ओळखलंच नाही, असं राहीबाईला वाटलं. कशी ओळखणार? बागेत खुरपणाऱ्या बायांची तोंडं कोण बघतंय! राहीबाई मात्र पंधरा वर्षांत एक दिवसही तिला विसरली नव्हती. पटकीच्या साथीत सहा वर्षांच्या बबीला ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा हिच्याच पायरीवर तिनं डोकं आपटलं होतं. पोरीला नगरच्या दवाखान्यात न्यायला मोटार द्या म्हणून. "गादी खराब होईल," एवढंच बोलून हिनं दार लावून घेतलं. मग पोरीला पाठीवर घेऊन राहीबाई याच वाटेनं फाट्याकडं पळत सुटली होती. अर्ध्या वाटेवरच्या बाभळीखाली पोर गेली.

"बसा माज्या पाठीवर," राहीबाई म्हणाली. मनात म्हणाली, आयती सापडलीस बये! बाभळीपर्यंत नेते. पुढं तू आणि ऊन.

बहात्तरचा दुष्काळ. नदी आटलेली, दोन्ही अंगांची रानं भुंडी. म्हातारीच्या अंगात नुसती हाडं होती, तरी राहीबाईला धाप लागली. वाटेत बाईसाहेबांनी पाणी मागितलं. "म्होरं," राहीबाई म्हणाली. त्या दिवशी बबीलाही ती असंच म्हणाली होती.

बाभळीखाली तिनं म्हातारीला उतरवलं आणि पंधरा वर्षांचा राग एका दमात ओकून टाकला. "माजी बबी हितं गेली. गादी खराब हुईल म्हनला हुता न्हवं? आता बसा हितंच!"

बाईसाहेब घाबरल्या नाहीत. खोडाला पाठ टेकून त्यांनी पदर नीट केला.

"ठाऊक आहे, राही. तू फाट्यावर असतेस, हेही कळलं होतं. मोटार आहे की बंगल्यावर. न्यायला येत होती, मीच नको म्हटलं." त्यांनी डोळे मिटले. "जा तू. पंधरा वर्षांत झोप नाही. आज लागेल."

राहीबाई तरातरा निघाली. वीस पावलांवर जाऊन तिनं वळून पाहिलं. म्हातारीच्या तोंडावर केवढी शांती पसरली होती! राहीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा वर्षं तिचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती तशीच माघारी आली आणि दंडाला धरून तिनं बाईसाहेबांना पुन्हा पाठीवर घेतलं.

"सोड गं मला. इथंच राहू दे," बाईसाहेब पहिल्यांदाच कळवळल्या.

"न्हाई," बंगल्याच्या दिशेनं पाय उचलत राहीबाई म्हणाली. "हितं मराया तुमाला लई सोपं जाईल. चला घरी, बाईसाहेब. त्या गादीकडं बगत जगा."