हलकी होडी

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत महिलांच्या एकेरी कयाक शर्यतीत लेक पहिली आली. मदतनीस म्हणून संघाबरोबर आलेल्या आईने काठावर एवढा आरडाओरडा केला, की प्रशिक्षक हसून म्हणाले, "काकू, घसा जपा. पदक घेताना पुन्हा ओरडायचंय!"

पण शर्यत संपली की होडी काट्यावर चढवतात. लेकीची होडी नियमापेक्षा हलकी भरली आणि तिचा निकाल बाद झाला.

प्रशिक्षकांनी होडी उलटीपालटी करून पाहिली. "नवी होडी मुळातच हलकी, म्हणून वजन भरायला मी स्वतः सीटखाली शिशाची पट्टी चिकटवली होती. काल संध्याकाळपर्यंत जागेवर होती. कुणीतरी डाव साधला!"

या एका शर्यतीपायी लेकीने नोकरी सोडली होती, ठरलेलं लग्न दोनदा पुढे ढकललं होतं. कपडे बदलायच्या खोलीत ती आईच्या गळ्यात पडली. बाहेर राष्ट्रगीत सुरू झालं, दुसऱ्याच कुणाच्या तरी देशाचं.

"आई, ज्यानं कुणी हे केलंय ना, त्याला जन्मात सुखाचा घास मिळायचा नाही!"

तिच्या पाठीवरून फिरणारा आईचा हात थांबला.



"अगं, सकाळी होडी पुसताना मीच काढली ती. म्हटलं, लेकीला तेवढंच ओझं कमी."