लेकीच्या वाटची झोप

“तिची झोप तू झोपशील गं, पण तुझं जागेपण कोण करणार?” घरमालकीण दातेकाकूंनी वृषालीला आधीच विचारलं होतं. ती हसली होती. “काकू, लातुरात सगळ्याच आया झोपताहेत. परीक्षेपुरतं तर आहे.”

कपाळाला दुसऱ्याची झोप ओढून घेणारी पट्टी लावून वृषाली दोन वर्षं रात्रंदिवस दोघींच्या वाटची झोप घेत होती, आणि थोरली लेक शर्वाणी न झोपता मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत होती. अखेर शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाला. वृषालीची पट्टी निघाली आणि शर्वाणीची बॅग दारात आली.

धाकटा निहार शर्वाणीच्या ओढणीला लोंबकळत होता. “आई, जाऊ नको ना.”

वृषालीने हात पसरले. “राजा, आई इकडे आहे.”

“तू आई नाहीस. तू झोपते ती.”

शर्वाणी ओशाळली. “मम्मी, त्याला आधी नुसतं वरण दे, मग भात. नाहीतर तो जेवतच नाही.”

वृषालीला हे ठाऊकच नव्हतं.

आता ती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: शेजारच्या खोलीत एखादी आई भरदुपारी पट्टी लावून निजलेली असेल, तर कडी वाजवा. तिचं धाकटं कुणाच्या हातून जेवतंय, तेवढं बघून या.